एकच वस्तू, दोन भाव: कुठे किती किंमत लावायची हे कसं ठरतं?

संगणकावरचे खेळ विकणारं 'स्टीम' हे ऑनलाइन दुकान अनेकांच्या ओळखीचं असेल. २० नोव्हेंबर २०२३ पासून या दुकानाने अर्जेंटिना आणि तुर्कस्तान या दोन देशांत स्थानिक चलनात भाव लावणं बंद केलं आणि डॉलर सुरू केला. कारण दिलं ते चलनदरांतल्या सततच्या चढउतारांचं. ते खरंही होतं. पण त्याआधी कित्येक वर्षं भलत्याच देशांतले खेळाडू आपला पत्ता अर्जेंटिनाचा किंवा तुर्कस्तानचा दाखवून तिथल्या स्वस्त भावात खेळ घेत होते, हेही सगळ्यांना ठाऊक होतं. भाव बदलल्यावर खरा चटका बसला तो तिथल्या खऱ्याखुऱ्या गिऱ्हाइकांना.

खेळ तोच, फाइल तीच, एक प्रत जास्त विकायला कंपनीला जवळपास काहीच खर्च नाही. मग भाव देशागणिक वेगळा का? आणि वेगळा ठेवायचाच, तर नेमका किती? पहिल्या प्रश्नावर लोक भांडतात. दुसरा प्रश्न जास्त रंजक आहे, आणि तो सुटला की पहिल्याचं उत्तर बरंचसं आपोआप मिळतं.

खर्च अधिक नफा, झाली किंमत?

बहुतेकांच्या मनातला हिशेब असा असतो: वस्तू बनवायला अमुक लागले, त्यावर तमुक टक्के नफा, संपलं. अनेक व्यावसायिक खरोखर असाच भाव काढतात. या हिशेबात गिऱ्हाईक कुठेच नाही. भाव वाढला तर किती जण पाठ फिरवतील, हा प्रश्नच त्यात विचारलेला नाही. खर्चावरून एवढंच कळतं की याच्या खाली विकलं तर घाटा. वर कुठवर जायचं, ते गिऱ्हाईक ठरवतं.

आकडे घेऊन बघू. चलन कोणतंही धरा. एक वस्तू आहे, तिचा एक नग काढायला २० लागतात. ती दोन प्रदेशांत विकायची आहे. त्यांना पूर्व आणि पश्चिम म्हणू.

पूर्वेत भाव ५० ठेवला तर ५०० नग खपतात, ६० ठेवला तर ४००, ७० ठेवला तर ३००. म्हणजे दर १० वाढीला १०० गिऱ्हाइकं गळतात. पश्चिमेत ३० ला ६०० नग जातात, ४० ला ४००, ५० ला २००. इथे तेवढ्याच वाढीला २०० गळतात.

आता पूर्वेत भाव ६० वरून ७० केला तर? जे ३०० जण टिकले, ते प्रत्येकी १० जास्त देतात, म्हणजे ३,००० ची कमाई वाढली. पण जे १०० जण गेले, ते प्रत्येकी ४० नफा देत होते. ते ४,००० बुडाले. निव्वळ तोटा १,०००. उलट ५० वरून ६० केला तर टिकलेल्या ४०० जणांकडून ४,००० जास्त आले आणि गेलेल्या १०० जणांचे ३,००० बुडाले. १,००० चा फायदा. म्हणून पूर्वेत ६० वर थांबायचं. नफा १६,०००.

पश्चिमेत हाच ताळा केला की ४० वर थांबावं लागतं. ४० चे ५० केले तर टिकलेल्या २०० जणांचे २,००० येतात आणि गेलेल्या २०० जणांचे ४,००० जातात. ४० ला नफा ८,०००. दोन्ही मिळून २४,०००.

किंमत ठरवण्याचं सगळं शास्त्र या एका ताळ्यात आहे: टिकलेल्यांकडून मिळालेलं एका पारड्यात, गेलेल्यांमुळे बुडालेलं दुसऱ्या पारड्यात. पारडी समसमान होतात तिथे थांबायचं. पुढचे सगळे भारदस्त शब्द याच्यावरची सजावट.

मग मधला भाव का नको?

६० आणि ४० च्या मध्ये ५०. दोन्हीकडे ५० लावला तर पूर्वेत ५०० नग, पश्चिमेत २००, एकूण नफा २१,०००. सरसकट एकच भाव लावायचा असेल तर सगळ्यात फायद्याचा निघतो ४७ च्या आसपास, आणि नफा २१,३३०. वेगवेगळ्या भावांच्या मानाने तब्बल २,६७० कमी.

दोन वेगळ्या अंगकाठीच्या माणसांना एकाच मापाचा सदरा शिवावा, तसं हे होतं. एकाला आखूड, दुसऱ्याला ढगळ. ४७ हा भाव पूर्वेला स्वस्त पडतो आणि पश्चिमेतली एक तृतीयांशाहून जास्त गिऱ्हाइकं पळवून लावतो.

एक मजा लक्षात घ्या. एकूण खप मात्र जवळपास तेवढाच राहतो. वेगळ्या भावांत ८०० नग, एका भावात ७९०, आणि भाव पूर्णांकात न धरता काटेकोर काढला तर बरोब्बर ८००. मागणी सरळ रेषेत घटत असेल आणि दोन्ही बाजारांत विक्री चालू राहत असेल तर असंच होतं. इंग्लंडमधल्या अर्थतज्ज्ञ जोन रॉबिन्सन यांनी १९३३ मध्ये याची बारकाईने फोड केली होती. म्हणजे वेगळ्या भावांनी इथे वस्तू वाढल्या नाहीत, फक्त त्या कुणाच्या घरी गेल्या ते बदललं. हा मुद्दा पुढे 'लूट' या आक्षेपापाशी लागेल.

एकच पारिभाषिक शब्द: लवचिकता

भाव १ टक्का वाढवला तर खप किती टक्के घटतो, याला मागणीची लवचिकता म्हणतात. वरच्या उदाहरणात ६० चा १ टक्का म्हणजे ०.६. तेवढ्या वाढीने पूर्वेतल्या ४०० पैकी ६ जण जातात, म्हणजे दीड टक्का. लवचिकता १.५. पश्चिमेत ४० चा १ टक्का ०.४, त्याने ४०० पैकी ८ जातात, म्हणजे २ टक्के. लवचिकता २.

यावरून एक सुटसुटीत नियम निघतो. अब्बा लर्नर या अर्थतज्ज्ञांच्या १९३४ च्या लेखामुळे तो त्यांच्या नावाने ओळखला जातो. १ ला लवचिकतेने भागा, तेवढा भावातला नफ्याचा वाटा असायला हवा. पूर्वेत १ भागिले १.५, म्हणजे दोन तृतीयांश: ६० पैकी ४० नफा. पश्चिमेत १ भागिले २, म्हणजे निम्मा: ४० पैकी २०. जमलं.

नियम सुटसुटीत असला तरी त्यात एक खोच आहे. लवचिकता ही प्रदेशाच्या कपाळावर लिहिलेली नसते, ती भावाबरोबर बदलते. आजच्या भावाला मोजलेली लवचिकता या सूत्रात घालून एकदम नव्या भावावर उडी मारली तर उडी चुकते. थोडं सरकायचं, पुन्हा मोजायचं, पुन्हा सरकायचं.

म्हणजे श्रीमंत प्रदेशात महाग आणि गरीब प्रदेशात स्वस्त, असंच ना?

पुष्कळदा तसं होतं, नेहमी नाही. ऐपत ही लवचिकतेमागच्या कारणांपैकी एक. दुसरं, आणि माझ्या मते जास्त वजनाचं, कारण म्हणजे गिऱ्हाइकाकडे दुसरा पर्याय आहे का. पैसेवाल्या प्रदेशात तीच गरज भागवणारे दहा विक्रेते असतील तर तिथलं गिऱ्हाईक खिशात पैसे असूनही जरा भाव वाढला की शेजारी जातं. आडबाजूच्या, गरीब प्रदेशात एकच विक्रेता असेल तर तिथल्या माणसाला निमूट द्यावे लागतात. त्यामुळे गरिबाला तीच वस्तू महाग पडल्याची उदाहरणं काही कमी नाहीत.

इथेच अनेकांचा घोटाळा होतो. 'पेट्रोलचा भाव वाढला तरी लोक भरतातच' हे विधान एकूण पेट्रोलबद्दल बरंचसं खरं आहे. पण समोरासमोर दोन पंप असतील आणि त्यांतल्या एकानेच भाव वाढवला, तर त्याच्याकडची रांग समोर जाते. आपल्या कामाची लवचिकता ती, आपल्या एकट्याच्या मालाची. आणि ती स्पर्धक काय करतो यावर ठरते. तुम्ही उतरलात की तोही उतरला, तर कागदावर मिळवलेली गिऱ्हाइकं प्रत्यक्षात कधी येतच नाहीत.

माल पोचवायचा खर्च वेगळा असेल तर?

समजा पश्चिमेला माल पोचवायला दर नगामागे १० जास्त लागतात. खर्च २० चा ३० झाला. मग भाव ४० चा ५० करायचा? नाही. आधीचाच ताळा पुन्हा मांडला तर उत्तर येतं ४५. सरळ रेषेतल्या मागणीत वाढीव खर्चाचा निम्माच भार गिऱ्हाइकावर टाकणं फायद्याचं ठरतं, उरलेला विक्रेत्याने सोसायचा. सगळा टाकायला जावं तर गिऱ्हाईक जास्त गळतं.

यातूनच एक विचित्र दिसणारी गोष्ट घडते. लांबून आलेला माल, वाहतूक खर्च धरूनही, जिथे बनला तिथल्यापेक्षा स्वस्त विकला जातो. मायदेशी स्पर्धा कमी आणि परदेशी जास्त, की हे गणित असंच पडतं. व्यापारातल्या नियमांत याला डंपिंग म्हणतात. निर्यातीचा भाव मायदेशातल्या भावापेक्षा कमी असेल आणि त्याने आयात करणाऱ्या देशातल्या उद्योगाला इजा होत असेल, तर तो देश जादा कर लावू शकतो. १९४७ च्या गॅट या आंतरराष्ट्रीय व्यापार करारापासून हे कलम आहे. बातम्यांत डंपिंग म्हटलं की कट शिजल्यासारखा सूर असतो. कधी तसं असतंही, पण कित्येकदा ते नुसतं दोन बाजारांतल्या लवचिकतेचं अंतर असतं.

पण हे आकडे आणायचे कुठून?

गिऱ्हाईक किती गळेल हे कागदावर मी छान लिहून टाकलं. प्रत्यक्षात ते कुणी सांगत नाही. विचारलं तर लोक खोटं बोलतात, किंवा खरंच त्यांना माहीत नसतं.

साहजिक वाटतं की जुन्या विक्रीच्या नोंदी काढाव्यात, भाव आणि खप शेजारी मांडावेत. यात मोठा सापळा आहे. हंगामात मागणी वाढते म्हणून विक्रेता भाव चढवतो. नोंदीत दिसतं की भाव जास्त तेव्हा खपही जास्त. त्यावरून कुणी 'भाव वाढवला की खप वाढतो' असा निष्कर्ष काढला तर पुढच्या वर्षी दुकान बंद. फिलिप राइट या अमेरिकन अर्थतज्ज्ञाने १९२८ मध्ये यावर तोड सुचवली: भाव हलवणारी पण मागणीला न शिवणारी कारणं शोधा, उदाहरणार्थ पिकाचा उतारा. उतारा घटला म्हणून भाव चढला असेल, तर तेव्हा खप किती घटला ते मागणीबद्दल खरं बोलतं.

दुसरा रस्ता प्रयोगाचा. एकसारख्या दिसणाऱ्या वीस-तीस ठिकाणांतली निम्मी चिठ्ठी टाकून निवडायची, तिथेच भाव थोडा बदलायचा आणि उरलेल्यांशी ताडून बघायचं. चिठ्ठी महत्त्वाची. व्यवस्थापकाने 'चालतील अशी' ठिकाणं निवडली की प्रयोग नासला. आणि पहिल्या पंधरवड्यावर विश्वास ठेवू नका. भाव उतरला की लोक साठा करतात, तो वाढीव खप पुढच्या महिन्यातून उसना आणलेला असतो.

भिंतीला भोक पडलं की

आतापर्यंत एक गोष्ट मी गृहीत धरली होती: पश्चिमेत ४० ला घेतलेला नग पूर्वेत जाऊन कुणी ५५ ला विकत नाही. दोन हौदांतल्या पाण्याची पातळी वेगळी राहते ती मधल्या भिंतीमुळे. भिंत गळायला लागली की पातळ्या जवळ येतात.

किती जवळ, तेही काढता येतं. नग इकडून तिकडे न्यायला १२ लागत असतील, तर दोन भावांतलं अंतर १२ च्या वर टिकत नाही. आपलं अंतर होतं २०. आता विक्रेत्याला सगळ्यात फायद्याचे भाव साधारण ५५ आणि ४३. नफा २४,००० वरून २३,५७० वर. विशेष घट नाही. पण पश्चिमेतल्या गिऱ्हाइकाला ३ जास्त मोजावे लागले, आणि ते त्याच्या नव्हे, तर मधल्यामध्ये माल हलवणाऱ्याच्या भीतीने. अर्जेंटिनातल्या खेळाडूंची तक्रार जवळपास हीच होती.

म्हणून कंपन्या भिंत बांधण्यावर पुष्कळ डोकं आणि पैसा घालवतात. डीव्हीडीच्या काळात अख्खं जग सहा विभागांत वाटलं होतं. एका विभागाची तबकडी दुसऱ्या विभागाच्या यंत्रावर चालायची नाही. त्यामागे तंत्रज्ञानाची काहीच गरज नव्हती, चित्रपट कुठे कधी आणि केवढ्याला विकायचा एवढाच हिशेब होता. वॉरंटी फक्त विकल्या त्या देशात चालणं ही त्याचीच सौम्य आवृत्ती.

या भिंती कायद्यापुढे टिकतातच असं नाही. थायलंडहून अमेरिकेत शिकायला आलेल्या एका विद्यार्थ्याच्या लक्षात आलं की जॉन वायली या प्रकाशकाची पाठ्यपुस्तकं मायदेशी फार स्वस्त मिळतात. नातेवाइकांकडून ती मागवून त्याने अमेरिकेत विकली. प्रकाशक कोर्टात गेला. मार्च २०१३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी विद्यार्थ्याच्या बाजूने कौल दिला: पुस्तक परदेशात छापलेलं असलं तरी कायदेशीर विकत घेतल्यावर ते पुन्हा विकायचा हक्क घेणाऱ्याला आहे. युरोपातही जानेवारी २०२१ मध्ये युरोपीय आयोगाने स्टीम चालवणाऱ्या व्हॅल्व्हला आणि पाच प्रकाशकांना मिळून ७८ लाख युरो दंड केला. मध्य आणि पूर्व युरोपातल्या काही देशांत घेतलेले खेळ इतरत्र चालू नयेत अशी त्यांनी केलेली सोय युरोपीय संघाच्या नियमांत बसत नव्हती.

ही सरळसरळ लूट नाही का?

कुणाच्या बाजूने बघता त्यावर आहे. आपल्या उदाहरणात पूर्वेतला माणूस एका भावात ४७ देत होता, वेगळ्या भावात ६० देतो. त्याला लुटल्यासारखं वाटलं तर त्याची समजूत घालायला मी जाणार नाही. पश्चिमेतल्याचे ७ वाचतात. आणि एकूण खप तेवढाच असल्यामुळे 'सगळ्यांचं भलं होतं' असं कंपनीने म्हणणं इथे खोटं ठरेल. वस्तू जास्त किंमत मोजायला तयार असलेल्यांकडून कमी मोजणाऱ्यांकडे गेल्या, एवढंच.

पण आता पश्चिम जरा गरीब करून बघा. तिथे ४० ला कुणीच घेत नाही, ३० ला २०० नग जातात. एकच भाव सक्तीचा असेल तर कंपनी काय करेल? पूर्वेतले १६,००० सोडून पश्चिमेतल्या गिऱ्हाइकासाठी सगळीकडे भाव पाडण्यात तिचा काहीच फायदा नाही. ती ६० वर ठाम राहते, पश्चिमेला माल जातच नाही. वेगळा भाव लावायची मुभा दिली की पूर्वेत ६० च राहतात, पश्चिमेत ३० ला २०० जणांना वस्तू मिळते आणि कंपनीला २,००० जास्त. इथे कुणाचंच काही गेलं नाही.

औषधांत ही दुसरी स्थिती नेहमी दिसते. हेपटायटिस सी बरा करणारं सोफोसबुविर डिसेंबर २०१३ मध्ये अमेरिकेत आलं, तेव्हा बारा आठवड्यांच्या उपचाराची छापील किंमत होती ८४,००० डॉलर. या आजाराने पोखरलेल्या इजिप्तला तेच औषध २०१४ मध्ये ९०० डॉलरला मिळालं. अमेरिकेतला भाव रास्त होता असं मी म्हणणार नाही. पण दोन्हीकडे एकच भाव असता तर तो ९०० असता, असं समजणं भाबडेपणाचं आहे.

मग स्वस्त भाव सगळ्याच गरीब देशांना का देत नाहीत?

भिंत फुटण्याच्या भीतीने. आफ्रिकी देशांसाठी सवलतीत दिलेली ग्लॅक्सोस्मिथक्लाइनची एचआयव्हीवरची औषधं २००२ मध्ये युरोपात विकली जात असल्याचं उघड झालं. पुढच्या वर्षी युरोपीय संघाने अशी उलटी आयात रोखणारा नियम केला. कंपनीने सवलतीच्या गोळ्यांचा रंगच पांढऱ्याऐवजी लाल केला, म्हणजे नजरेला पटकन कळावं.

गोळी जागची हलली नाही तरी भाव हलतो, हा प्रकार त्याहून अवघड. अनेक देशांची सरकारं औषधाचा भाव ठरवताना इतर देशांतले भाव बघतात. मग छोट्या देशाला दिलेली सवलत मोठ्या देशाच्या टेबलावर पुरावा म्हणून येते. यावर कंपन्यांनी दोन तोडगे काढले आहेत. छापील किंमत सगळीकडे चढी ठेवून खरी सूट गुप्त करारात द्यायची. किंवा स्वस्त पडेल अशा देशात औषध उशिराच आणायचं. मोठ्या देशांशी वाटाघाटी पुऱ्या होऊन तिथले भाव ठरेपर्यंत छोट्या देशात अर्जच दाखल होत नाही, आणि तिथल्या रुग्णाला डॉक्टर सांगतात की औषध निघालं आहे, इथे अजून आलेलं नाही.